मेंटेनन्सच्या थकबाकीवरचं व्याज दर महिन्याला का वाढतं?

सप्रेम नमस्कार.

आमची पेढी मुंबईतल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांचे हिशेब लिहिते आणि सभासदांची बिलं काढते. बिलं वाटून झाली की फोन सुरू होतात, आणि बहुतेकांचं बोट एकाच रकान्यावर असतं: थकबाकीवरचं व्याज. ‘मागच्या महिन्यात साठ, आता नव्वद, व्याजावर व्याज लावता की काय?’ तसं नाही. पण शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर दहावीच्या गणितातल्या अंकगणिती श्रेढीत आहे. ती विसरला असाल तरी काही अडणार नाही.

समजा मेंटेनन्स महिना 3,000 रुपये आणि व्याज दरसाल 12 टक्के, म्हणजे महिन्याला एक टक्का. एप्रिलचं बिल भरायचं राहिलं. मे महिन्याच्या बिलात त्यावर 30 रुपये व्याज लागेल. मेचंही राहिलं तर जूनमध्ये दोन बिलांवर, म्हणजे 6,000 वर, 60 रुपये. जुलैत 90, ऑगस्टमध्ये 120. दर तोच, पण ज्या रकमेवर तो लागतो ती दर महिन्याला 3,000 नी फुगते. म्हणून व्याजाचा आकडाही दर महिन्याला नेमका 30 नी पुढे सरकतो. ठरावीक फरकाने वाढत जाणाऱ्या अशा आकड्यांच्या रांगेला अंकगणिती श्रेढी म्हणतात, आणि त्या 30 ला सामान्य फरक.

आमचं बिल बरोबर आहे की नाही, हे तपासायची किल्लीही हीच. लागोपाठच्या दोन महिन्यांच्या व्याजाची वजाबाकी करा. काहीच भरलं नसेल आणि मेंटेनन्स बदललेला नसेल, तर फरक दर वेळी तोच यायला हवा. व्याजावर व्याज लागलं असतं तर आकडे 30, 60.30, 90.90 असे दिसले असते; तिथे फरकच वाढत जातो. उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे, थकबाकीवर सरळव्याजच लावायचं असतं. तेव्हा असे आकडे कुठल्याही बिलात दिसले, आमच्या बिलात दिसले तरीसुद्धा, सेक्रेटरींना लेखी विचारा. जुनी थकबाकी तशीच ठेवून पुढची बिलं वेळेवर भरणाऱ्यांना दर महिन्याला सारखंच व्याज दिसेल. त्यांचा सामान्य फरक शून्य.

आता वर्षभराची बेरीज. मे ते पुढचा एप्रिल या बारा बिलांत व्याज 30 पासून 360 पर्यंत जातं. एकेक आकडा मिळवत बसू नका. पहिला आणि शेवटचा घ्या: 390. दुसरा आणि शेवटून दुसरा, 60 आणि 330, यांचेही 390. अशा सहा जोड्या होतात, म्हणून एकूण 2,340 रुपये. इथपर्यंत कुणाला फार झळ बसत नाही.

खरी गंमत, म्हणजे भरणाऱ्याच्या दृष्टीने गंमत नव्हेच, त्याच्या पुढे आहे. असंच काही न भरता दोन वर्षं गेली तर श्रेढीचं शेवटचं पद, म्हणजे शेवटच्या बिलातलं व्याज, 720 होतं आणि एकूण व्याज 9,000. मुदत दुप्पट, व्याज जवळजवळ चौपट. पाच वर्षं फ्लॅटला कुलूप राहिलं तर 60 महिन्यांचं व्याज 54,900 रुपये, म्हणजे पहिल्या वर्षाच्या तेवीसपटींहून जास्त. थकीत मुद्दल मात्र 1,80,000, पहिल्या वर्षाच्या नेमकं पाचपट. आदर्श उपविधींत (सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमावलीत) वर्षानुवर्षं 21 टक्के ही कमाल मर्यादा राहिली आहे. तुमच्या सोसायटीत तो दर लागू असेल तर वरचे व्याजाचे आकडे पावणेदोनपट धरा: पाच वर्षांचे 96,075. फ्लॅट विकायला काढल्यावर हा आकडा समोर येतो, तेव्हा घासाघीस करायला वेळ उरलेला नसतो. परदेशी मुलांच्या नावावर घरं असलेल्या आजी-आजोबांना आमचं आग्रहाचं सांगणं आहे की दरमहा मेंटेनन्स आपोआप भरण्याची स्थायी सूचना बँकेला देऊन टाका.

नवीन घर घेणाऱ्यांना हीच श्रेढी ‘फ्लोअर राइज’च्या रूपात भेटते. बिल्डर म्हणतो, पाचव्या मजल्यापर्यंत एक दर, पुढे दर मजल्याला चौरस फुटामागे 50 रुपये जास्त. विसाव्या मजल्यावरच्या 600 चौरस फुटांसाठी वाढीव रक्कम किती? पायऱ्या 15, म्हणून 15 × 50 × 600, म्हणजे 4,50,000. पाच ते वीस बोटांवर मोजलेत तर सोळा भरतात, आणि त्या एका जादा बोटाचे 30,000 रुपये होतात. वाढ पहिल्या पदानंतर सुरू होते, पहिल्या पदात ती नसते. भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या ‘लीलावती’त पहिल्या दिवशी 4 द्रम्म (त्या काळची नाणी) देऊन पुढे रोज 5 वाढवत पंधरवडाभर दान करणारा एक दाता आहे. पंधराव्या दिवशी तो 74 देतो, 79 नाही, कारण वाढ चौदाच वेळा झालेली असते. (एकूण दान 585. वरची जोड्यांची रीत लावून पाहा. पदं विषम असल्याने मधला 39 एकटा उरतो, तो तसाच मिळवायचा.)

इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी कर्ज काढताना श्रेढी उलटी चालते. माणशी 60,000 रुपये, बारा महिने, दरमहा 5,000 मुद्दल आणि उरलेल्या रकमेवर एक टक्का व्याज: पहिल्या महिन्यात 600, मग 550, शेवटी 50, एकूण 3,900. तोच 12 टक्के दर ‘फ्लॅट’, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच लागणारा, असेल तर व्याज 7,200. कमिटीसमोर कोटेशन आलं की सर्वसाधारण सभेत एवढा एक प्रश्न जरूर विचारा: व्याज मूळ रकमेवर की शिल्लक रकमेवर?

बिलातलं व्याज समजून घ्यायचं असेल तर मागची बारा बिलं आणि भरणा केल्याच्या पावत्या घेऊन या. ऑनलाइन भरलं असेल तर व्यवहार क्रमांक लिहून आणा; बँकेत पैसे जमा झाले पण फ्लॅट नंबर नव्हता म्हणून ते नावावर चढले नाहीत, असं बऱ्याचदा निघतं. तशा वेळी नोंद दुरुस्त करून पैसे जमा झाल्याच्या दिवसापासूनचं व्याज वजा करण्यासाठी आम्ही कमिटीकडे पत्र देतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.