उझबेकिस्तानला येताय? आधी पासपोर्ट उघडा

सहलीची नोंदणी करणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आम्ही हे पत्रक देतो. पूर्वी देत नव्हतो, सगळं फोनवर सांगायचो. ठाण्यातलं आमचं कार्यालय म्हणजे आम्ही दोघे नवरा-बायको आणि मदतीला एक मुलगी. तेच चार प्रश्न दिवसातून दहा वेळा आले की कामं खोळंबतात. आणि इतकं सांगूनही एक चूक प्रत्येक सहलीत कुणीतरी करतंच. म्हणून ती आधी सांगतो. समरकंद-बुखारा कुठे पळून जात नाहीत.

नाव टाइप करून पाठवू नका

आम्ही पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो मागतो. येतं काय, तर व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ: "आम्ही दोघं, जोशी." कुणी आधार कार्ड पाठवतं. कुणी म्हणतं, मागच्या वर्षी दुबईला नेलंत तेव्हाचे तपशील तुमच्याकडे असतीलच की! ते असतात, पण जुने.

आपल्या नावांचा घोळ आपल्याला घोळ वाटत नाही. स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. हे मधलं नाव काहींच्या पासपोर्टवर असतं, काहींच्या नसतं. लग्नाला तीस वर्षं झाली तरी पासपोर्ट माहेरच्या नावाने असलेल्या ताई आमच्याकडे येतात. त्यात काहीच गैर नाही, फक्त आम्हाला ते कळायला हवं. दीपाच्या स्पेलिंगमध्ये दोन 'ई' की एक 'आय', हे आम्ही अंदाजाने लिहू शकत नाही. काही जुन्या पासपोर्टांवर आडनावाचा रकानाच रिकामा असतो. तसं असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, कारण विमान, व्हिसा आणि रेल्वे अशा तिन्ही ठिकाणी नाव एकाच पद्धतीने भरावं लागतं.

आपल्याकडे रेल्वेच्या तिकिटावर एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तर टीसी सहसा सोडून देतो. तिथे तिकिटावर तुमचा पासपोर्ट क्रमांक छापलेला असतो. स्टेशनात शिरताना एकदा आणि डब्याच्या दाराशी पुन्हा एकदा, पासपोर्ट आणि तिकीट शेजारी धरून तपासतात.

एका सहलीत काय झालं ते सांगतो. एका काकांनी नोंदणीनंतर पासपोर्टचं नूतनीकरण करून घेतलं. भाचा हुशार, त्याने नव्या पासपोर्टवर इ-व्हिसाही परस्पर काढून दिला. आम्हाला कुणी काही बोललं नाही. विमान झालं, खिवा झालं, बुखारा झालं. बुखाऱ्याहून समरकंदला निघताना मात्र डब्याच्या दाराशी काकांना थांबवलं, कारण तिकिटावर जुना क्रमांक होता. गाडी भरलेली, दुसरी जागा नाही. शेवटी काका-काकू आणि आमचा माणूस मोटारीने पावणेतीनशे किलोमीटर गेले आणि बाकीची मंडळी गाडीने पुढे गेली. त्या दुपारी रेगिस्तान चौकात सगळे होते, हे तिघं नव्हते. मोटारीचे पैसे कुणी द्यायचे यावर पुढे थोडी बोलाचाली झाली. तेव्हापासून हे पत्रक आहे.

तेव्हा दोनच गोष्टी करा. एक, फोटो पाठवा, सपाट टेबलावर ठेवून, चारही कडा दिसतील असा, फ्लॅश न लावता. दोन, फोटो पाठवल्यानंतर पासपोर्ट बदलला, हरवला, भिजला, काहीही झालं तरी त्याच दिवशी फोन करा. परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत निदान सहा महिने उरलेली असावी, असा आमचा नियम आहे. नूतनीकरण करायचंच असेल तर ते नोंदणीच्या आधी करा.

"दुसरे एवढं काही मागत नाहीत"

हेही आम्ही ऐकतो, आणि ते खरंही आहे. अख्खी सहल बसने केली तर पासपोर्टचा एवढा जाच होत नाही. पण बुखारा ते समरकंद बसने जेवणखाण धरून सहज पाच तास जातात. 'अफ्रोसियोब' गाडीने दीड-पावणेदोन. ही स्पॅनिश बनावटीची टाल्गो गाडी ताश्कंद-समरकंद मार्गावर २०११ मध्ये सुरू झाली, २०१६ पासून बुखाऱ्यापर्यंत जाते आणि ताशी अडीचशे किलोमीटरपर्यंत वेग घेते. वाचलेला अर्धा दिवस आम्ही समरकंदात घालवतो. तिकिटं मात्र हंगामात पटापट संपतात, म्हणून निघण्याच्या दोन महिने आधी कागद हातात असावे लागतात. घाई करतो ती त्यासाठी. (अफ्रासियाब हे जुन्या समरकंदच्या टेकाडाचं नाव, तेच तिथल्या उच्चाराने गाडीला दिलंय. ते शहर १२२० मध्ये चंगीझखानाच्या फौजेने उद्ध्वस्त केलं. आजचं शहर त्याच्या शेजारी वसलेलं आहे.)

दुसरा नेहमीचा प्रश्न: ताश्कंदला उतरून आधी सर्वांत लांबच्या खिव्याला का पळवता? कारण तेव्हा तुम्ही ताजेतवाने असता. ताश्कंदहून उर्गेंचला दीड तासाचं विमान, तिथून खिवा अर्ध्या-पाऊण तासावर. मग खिवा ते बुखारा हा एकच मोठा रस्ता उरतो, साधारण साडेचारशे किलोमीटर, किझिलकूमच्या वाळवंटातून. वाटेत अमू दर्या नदी दिसते. तो दिवस कंटाळवाणा आहे हे आधीच सांगून ठेवतो. सकाळी लवकर निघतो, भडंग आणि चकल्या आमच्याकडून. त्यापुढे फक्त रेल्वे, आणि प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा सोपा. उलट्या क्रमाने केली असती तर हा रस्ता शेवटी, थकलेल्या पायांनी करावा लागला असता.

पाच दिवसांत फक्त ताश्कंद-समरकंद दाखवणाऱ्या सहली स्वस्त मिळतात. ज्यांना रजाच तेवढी आहे त्यांनी खुशाल जावं. पण मग बुखारा राहून जातं, आणि आमच्या बहुतेक मंडळींना परत आल्यावर आठवतं ते बुखाराच.

काय बघणार आहोत

खिव्याचा तटबंदीतला भाग म्हणजे इचन काला. उझबेकिस्तानातली जागतिक वारसा यादीत आलेली ही पहिली जागा, १९९० ची. आत चालायचं, वाहन नाही. जुमा मशिदीत दोनशेहून अधिक कोरीव लाकडी खांब आहेत आणि प्रकाश वरच्या झरोक्यांतून येतो. तिथे जरा शांत बसा, फोटोची घाई करू नका. कल्ता मीनोर हा निळा मनोरा अर्धवट राहिलेला आहे, बांधणारा खान १८५५ मध्ये मारला गेला म्हणून. पश्चिम दरवाजाबाहेर अल-ख्वारिझ्मीचा पुतळा आहे. भारतीय अंकपद्धतीवर ग्रंथ लिहून ती पश्चिमेपर्यंत पोचवण्यात ज्याचा मोठा वाटा होता तोच हा. 'अल्गोरिदम' हा शब्द त्याच्या नावावरून आला.

बुखाऱ्यात मराठी माणसाला अधूनमधून कान टवकारावे लागतात. ल्याबी हौझ म्हणजे हौदाचा काठ. १६२० च्या सुमाराचा हौद, भोवती जुनी तुतीची झाडं, शेजारी गाढवावर बसलेल्या नसरुद्दीन होजाचा, म्हणजे गोष्टींतल्या मुल्ला नसरुद्दीनचा, पुतळा. व्यापाराचे घुमट आहेत त्यातला तोकी सर्राफोन हा सराफांचा. तिथे पैशांची अदलाबदल चालायची आणि त्या धंद्यात भारतातून, मुख्यतः मुलतानकडून आलेले हिंदू व्यापारीही होते. त्याच हौदाच्या काठी आम्ही एक संध्याकाळ कार्यक्रमाविना मोकळी ठेवतो. "इथे काही बघायचं नाही का?" असं कुणी ना कुणी विचारतंच. बसायचं आहे. चहा प्यायचा आहे. कल्यान मनोरा ११२७ चा आहे, पंचेचाळीस मीटरहून उंच. चंगीझखानाने शहर जाळलं तेव्हा हा मात्र पाडू नका म्हणाला, असं तिथले लोक सांगतात.

समरकंदला दोन रात्री, आणि त्या आम्ही कधीच कमी करत नाही. रेगिस्तान म्हणजे वाळूची जागा. चौकाच्या तीन बाजूंना तीन मदरसे. उलुग बेगचा १४२० चा, बाकी दोन त्यानंतर दोनशे वर्षांनी. त्यातल्या शेर-दोर मदरशाच्या कमानीवर हरणामागे धावणारे वाघ आणि त्यांच्या पाठीवर माणसाच्या तोंडाचा सूर्य आहे. इस्लामी वास्तूवर असं चित्र सहसा दिसत नाही. चौक आम्ही दोनदा बघतो, एकदा उन्हात आणि एकदा दिवे लागल्यावर. दोन्ही वेळा वेगळा असतो.

बीबी खानुम मशिदीपाशी आमचा गाइड थोडा अवघडतो, कारण समोर भारतीय असतात. तैमूरने १३९८ मध्ये दिल्ली लुटली, आणि पुढच्याच वर्षी इथलं बांधकाम सुरू केलं. दगड ओढायला ९५ हत्ती लावले, ते हिंदुस्थानातून नेलेले. आम्ही गाइडला सांगून ठेवलंय की हे गाळायचं नाही. गुर-ए-अमीरमध्ये काळपट हिरव्या जेडच्या शिळेखाली तो तैमूर आहे. आणि बाबर १४९७ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांचाही नसताना, हे शहर जिंकून बसला, पुढे गमावलं, आणि मग कधी काळी आपल्याकडे आला. समरकंद टिकलं असतं तर पानिपत कुठे असतं, यावर गाडीत तासभर वाद होतो. होऊ द्या.

माझी स्वतःची आवडती जागा उलुग बेगची वेधशाळा. हा तैमूरचा नातू. राज्य करण्यापेक्षा आकाश बघण्यात त्याला रस. १४३७ मध्ये त्याच्याकडे हजारावर ताऱ्यांची यादी तयार झाली, तीही दुर्बीण नसताना. १४४९ मध्ये त्याच्याच मुलाने त्याला मारवलं, वेधशाळा पडली, विसरली गेली, आणि १९०८ मध्ये जमिनीखाली पुन्हा सापडली. आज दिसतो तो कातळात उतरत गेलेला दगडी कमानीचा तुकडा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, एवढंच? पण जयपूरचे सवाई जयसिंह याच परंपरेचा अभ्यास करून जंतरमंतर उभारायला निघाले होते. जंतरमंतर पाहिलेलं असेल तर इथे पाच मिनिटं जास्त थांबा.

ताश्कंदला शेवटचा दिवस. १९६६ च्या भूकंपात जुनं शहर बरंचसं गेलं, म्हणून इथे रुंद रस्ते आणि मेट्रोची देखणी स्टेशनं. पण आपल्याला त्या वर्षाचा जानेवारी आठवतो. १० तारखेला ताश्कंद करार झाला आणि ११ ला पहाटे लालबहादूर शास्त्री तिथेच गेले. त्यांच्या नावाचा रस्ता आहे, अर्धपुतळा आहे. आम्ही तिथे थांबतोच, कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेलं नसलं तरी.

जेवण, औषधं, पैसे

शाकाहारी मंडळींना आम्ही उपाशी ठेवत नाही, पण तिथे मागवताना जपून. उझबेक भाषेत 'सब्झी' म्हणजे गाजर! एका काकूंनी मोठ्या आत्मविश्वासाने सब्जी मागितली आणि ताटभर गाजर आलं. पुलाव, म्हणजे तिथला 'ओश', मांसाच्या चरबीत शिजतो. वरचे तुकडे काढून तो शाकाहारी होत नाही. सूपही बहुधा मांसाच्या रश्श्याचं असतं. भोपळ्याचा सोमसा, टोमॅटो-कांद्याचं अचिचुक, दही, फळं आणि तंदुरातला नान मात्र बिनधास्त. नान उलटा ठेवू नका, तिथे ते वाईट मानतात. दोन रात्रीचं जेवण भारतीय हॉटेलात असतं; रोज ठेवा असा आग्रह धरू नका, तेवढ्यासाठी ठाणंच बरं. जैन जेवण हवं असेल तर नोंदणीच्या वेळीच सांगा.

झोपेच्या, चिंतेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांबाबत तिथलं सीमाशुल्क खातं कडक आहे. असं काही घेत असाल तर मूळ पाकीट, डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, आणि आधी आम्हाला कल्पना. गोळ्या डबीत सुट्या भरून आणू नका. ड्रोन आणूच नका. हॉटेलकडून नोंदणीची चिठ्ठी मिळाली तर ती पासपोर्टात ठेवा, फेकू नका.

डॉलर कोरे, न दुमडलेले आणा. शाईचा ठिपका असलेली नोट परत करतात. बदल्यात सोमच्या, म्हणजे तिथल्या चलनाच्या, नोटा लाखांनी मिळतात. पहिल्या दिवशी सगळे श्रीमंत असतात.

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर, एवढेच महिने आम्ही सहल नेतो. जून अखेरपासूनच्या चाळीस दिवसांना तिथे 'चिल्ला' म्हणतात, आणि त्या उन्हात वाळवंटातल्या शहरात नेऊन पैसे घेणं आम्हाला पटत नाही. गट सोळा जणांपेक्षा मोठा करत नाही. सोबत इथून आमच्यापैकी एकजण आणि तिथला गाइड. दरपत्रक वेगळं आहे, ते मागून घ्या.

आणि बुखाऱ्यात करकोच्याच्या आकाराची हातघडणीची कात्री हमखास घेतली जाते. छान असते, घ्याच. पण विमानात बसताना ती मोठ्या बॅगेत टाका. हातातल्या पर्समधली कात्री ताश्कंद विमानतळावर ठेवून यावी लागलेल्या तिघीजणी आमच्याकडे आहेत.