काट्यावर वजन उतरलं म्हंजे चरबीच उतरली का?

दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडे सोयाबीन निघते. मार्केटात पोतं नेलं की व्यापारी पहिले मूठभर दाणे मशिनीत टाकून मॉइश्चर म्हंजे ओलावा पाहते, १२ टक्क्यांच्या वर गेलं की कटती चालू. १८ मॉइश्चरचा क्विंटलभर माल घरी वाळवून १२ वर आणला तर काट्यावर ९३ किलोच भरते, ७ किलो कमी, पण दाणा एकही कमी झालेला नसते, फक्त पाणी उडालं. हे गावातल्या कोणालेही सांगायची गरज नाही. पण तोच माणूस सोताच्या वजनाच्या काट्यावर उभा राह्यला की हे सगळं विसरते, मी पण विसरली होती.

भावाचं लग्न मे महिन्यात होतं आणि माझं वजन ७१. तीन आठवडे हातात होते. सकाळी लिंबू पिळून गरम पाणी, दुपारी दोन ककड्या आन् ग्लासभर ताक, रात्री वरणाचं वरचं पाणी वाटीभर, बस. पहिल्या आठवड्यातच साडेतीन किलो गेले, मी तर हवेत! व्हॉट्सॲपवर काट्याचा फोटो टाकला, मैत्रिणींनी डाएट मागितलं, मी दिलंही (सॉरी गं पोरींनो). लग्नापर्यंत ६५. फक्त मोठीमाय म्हणे, "काहून वं, तुहा चेहरा पार सुकला, बिमार हायस का?" मले वाटलं म्हातारीले काय समजते.

तर वजन घटणं एक आणि चरबी घटणं दुसरं. आपण दोन्हीले एकच नाव देतो, "बारीक झाली", आणि सगळा घोळ तिथंच आहे.

काटा काय मोजते ते पहा. हाडं, मांस म्हंजे स्नायू, चरबी, अंगातलं पाणी, पोटात आतड्यात असलेलं अन्न, सगळं मिळून एकच आकडा. यातलं काय कमी झालं ते त्याले कळत नाही, त्याच्याकडे मॉइश्चरची मशीन नाही. आता माझ्या त्या साडेतीन किलोचा हिशेब करू. एक किलो चरबी जळायले साधारण ७७०० कॅलरीची तूट पायजे. माझ्यासारखीचा दिवसाचा खर्च १९०० च्या आसपास धरा आणि खात होती मी जेमतेम ५००, म्हंजे रोजची तूट १४००, आठवड्याची ९८००. याच्यात चरबी जळून जळून किती जळंल? सगळीच्या सगळी तूट चरबीतूनच गेली असं धरलं तरी सव्वा किलो. मग बाकीचे सव्वादोन किलो कुठून गेले?

पाण्यातून, बहुतेक. आपण भाकर, भात, पोळी खातो त्यातली थोडी साखर शरीर लिव्हरमधी आणि स्नायूत साठवून ठेवते, त्याले ग्लायकोजन म्हणतात, मोठ्या माणसात ४०० ते ५०० ग्राम असते. आणि एक ग्राम ग्लायकोजन आपल्यासोबत तीनेक ग्राम पाणी धरून बसते. जेवण बंद केलं की दोनतीन दिवसात हा साठा उतरते आणि त्याच्यासोबत पाणीही लघवीवाटे चाललं जाते, दीडदोन किलो इथंच गेले. वरून मीठ कमी जाते, पोट रिकामं राहते, ते वेगळं. म्हणून कोणतंही डाएट असो, ककडीचं असो की भात बंदवालं असो, पहिला आठवडा लय भारी जाते. आणि म्हणूनच लग्नाच्या पंगतीत दोन दिवस बुंदी मठ्ठा जेवली की दोन किलो परत येतात, आणि बाई म्हणते माझ्या अंगाले तर पाणी पण लागते. लागतेच ना, पाणीच तर गेलं होतं.

पाणी गेलं त्याचं काही मोठं नाही, ते येईल. खरं नुकसान पुढच्या आठवड्यापासून चालू होते.

खाणं लयच कमी असलं, त्यात वरण-अंडं-दूध पण नसलं, आणि अंगाले जोराचं काम पण नसलं, की शरीर चरबीसोबत मांसही तोडून वापरते. आता यातली गंमत म्हणा की फसवणूक म्हणा, मांसात बहुतेक पाणीच असते, म्हणून एक किलो मांस तुटलं तर ऊर्जा निघते चरबीच्या चौथाईच्या आसपासच. म्हंजे तेवढीच तूट भरून काढायले मांस जास्त किलो तुटते, म्हंजे काटा जास्त जोरात खाली येते! जेवढं वाईट काम चालू आहे तेवढा रिझल्ट चांगला दिसते. मले हे समजलं तेव्हा मी डोकं धरून बसली होती. पोटाचा घेर जिथल्या तिथं, दंड मात्र ढिले, भरलेली घागर विहिरीवरून आणता येईना, आणि मी खुश की ६५ झाले.

जगात याच्यावर मोठा प्रयोग होऊन गेला आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं १९४४-४५ मधी ३६ तरुण धडधाकट पोरांवर केला, दुसरं महायुद्ध चालू होतं आणि उपासमार झालेल्या लोकांना परत कसं उभं करायचं ते समजून घ्यायचं होतं. २४ आठवडे त्यांना दिवसाले साधारण १५७० कॅलरी दिल्या, बटाटे, ब्रेड, सलगम असलं खाणं, आणि आठवड्याले ३५ किलोमीटर चालायचं. आकडा परत वाचा, १५७०. आपल्या मोबाईलवरच्या डाएटवाल्या बाया याच्या अर्ध्यात भागवायले सांगतात. आता ती पोरं सुरुवातीलेच सडपातळ होती, त्यांच्याजवळ जाळायले चरबी थोडी होती, म्हणून आपली त्यांची सरळ तुलना नाही, पण जे झालं ते पहा. वजन चौथाईनं घटलं. सतत थंडी वाजे, चिडचिड, कोणाशी बोलावं वाटेना, दिवसरात्र फक्त खाण्याचाच विचार, काही जण तर रेसिपीची पुस्तकं वाचत बसत. शरीर बसल्या जागी जी ऊर्जा जाळते ती ४० टक्क्यांच्या आसपास खाली आली. आणि परत जेवण चालू केलं तेव्हा पोट भरे पण भूक जाईना, आणि चरबी पहिले आली, मांस मागून.

ते शेवटचं वाक्य माझी पूर्ण कहाणी आहे. लग्नानंतर चार महिन्यांत मी ७२ झाली. आकडा एकानंच वाढला म्हणा, पण ७१ ची मी आणि ७२ ची मी एक नव्हती. मांस गेलं होतं आणि त्याच्या जागी चरबी येऊन बसली होती, दाणा देऊन ओलावा घेतल्यासारखं.

आणि केस! ते तर लग्नात चांगले होते. जुलैअखेर, निंदण चालू होतं तेव्हा, कंगव्यात गुच्छेच्या गुच्छे. मी शाम्पू बदलला, तेल बदललं, बोअरच्या पाण्याले दोष दिला. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईनं पहिला प्रश्न विचारला, "दोन-तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं? ताप, बाळंतपण, की उपासमार?" शरीरावर ताण आला की केसांची मुळं एकदम आरामात जातात आणि गळायले लागतात दोनतीन महिन्यांनी, म्हणून कोणाले संबंध लागत नाही. परत येतात ते, पण वेळ लागते. पाळीही एक महिना आलीच नाही. पुरेसं खाणं मिळत नाही असं दिसलं की मेंदू ते खातंच बंद करते, घरात दाणा नसला तर पाहुणे कोण बोलावते. एखादा महिना चुकला तर चुकला, पण असं महिनोन्महिने चाललं तर हाडं पण ठिसूळ होतात, आणि हाडाचं नुकसान केसांसारखं सहज भरून येत नाही.

अजून एक जे कोणी सांगत नाही, पित्ताशयातले खडे. आठवड्याले दीड किलोच्या वर वजन पडत राह्यलं तर त्याचा धोका वाढते. लिव्हर पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडते, आणि जेवणात तेलतूप काहीच नसल्यामुळं पित्ताची पिशवी आकुंचन पावून रिकामी होत नाही, पित्त तिथंच घट्ट होत जाते. लोक समजतात खडे तेलकट खाणाऱ्यालेच होतात. बिनतेलाचं उकडलेलं खाऊन पण होतात बाप्पा.

आता दुसरी बाजू, चरबी घटणं. हे काम लय बोअर आहे, खरं सांगते. आठवड्याले अर्धा किलो, कधी तेवढंही नाही. रोजची तूट चारपाचशे कॅलरीची, याच्यावर नाही. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था म्हणते की बैठ्या कामाच्या बाईले दिवसाले १६६० कॅलरी लागतात, मध्यम कामाच्या बाईले २१३०, आणि जड काम करणारीले २७२०. म्हंजे कापूस वेचायले जाणाऱ्या बाईनं, शहरातल्या ऑफिसात बसणारीचं १२०० चं डाएट मोबाईलवर पाहून करणं म्हंजे तिच्या शरीरासोबत भांडण काढणं आहे. आमच्या शेजारच्या वैनीनं तेच केलं होतं, ऑक्टोबरच्या उन्हात तासात चक्कर येऊन पडली.

तूट आणायची कुठून? लोक पहिले भाकर काढतात. काहून काढता? ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत २०० च्या जवळपास कॅलरी, आणि तर्रीवर तरंगणाऱ्या पळीभर तेलात, ३० ग्राम धरलं तर, २७०. भाजीतलं तेल निम्म्यावर आणा, चहातली साखर कमी करा, दुपारचा चिवडा-फरसाण बंद करा, भाकर राहू द्या. आणि वरण पातळ नका करू, घट्ट करा. मांस टिकवायचं तर प्रोटीन पायजे, साधी गरजच वजनाच्या किलोमागं पाऊण-एक ग्राम आहे आणि वजन कमी करताना त्याच्यापेक्षा थोडं जास्तच घ्यावं. १०० ग्राम तुरीच्या डाळीत २२ ग्राम, एका अंड्यात ६. बरबटी, हरभरे, सोयाबीनच्या वड्या, ताक-दही, सगळं घरातच आहे, पावडरचा डबा नाही लागत. (सोयाबीन आपण पिकवतो आणि सगळं विकून टाकतो, घरात वडी विकत आणतो, हा वेगळाच विषय.) सोबत जोर लागंल असं काम किंवा व्यायाम, उठाबशा, घागर उचलणं, काहीही, शरीराले कळलं पायजे की मांस वापरात आहे, तोडू नको.

दोन्हीतला फरक ओळखायचा कसा, काट्याशिवाय? मी आता शिंप्याची टेप वापरते. खालची बरगडी आणि कमरेचं हाड याच्या मधोमध लावायची, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता (ओढतोच आपण). बाईले ८० सेंटीमीटर आणि माणसाले ९० च्या वर असलं तर पोटात चरबी जास्त आहे असं आपल्या भारतीय लोकांसाठी धरतात. चरबी जात असली की घेर उतरते, अंगात ताकद तशीच राहते, झोप लागते, भूक लागते पण सहन होते. नुसतं वजन पडत असलं की घेर तिथंच, हातपाय थंड, जिना चढताना धाप, लेकरावर उगाच खेकसणं, आणि रात्री डोळ्यासमोर पाटवड्या. हे दिसलं की आकडा कितीही चांगला असो, थांबा.

काही जणांनी तर उपाशी राहून वजन कमी करायचा प्रयोग करूच नये. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे आणि जेवण टाळलं तर शुगर एकदम पडून माणूस बेशुद्ध होऊ शकते, गोळीचा डोस डॉक्टरले विचारूनच बदलायचा. सिकलसेल, म्हंजे रक्ताचा पिढीजात आजार, आपल्या गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूरकडे घरोघरी ऐकू येते, त्या पेशंटच्या अंगातलं पाणी कमी झालं की दुखणं उसळते, म्हणून निर्जळी उपास आणि "वॉटर वेट" उतरवणं त्यांच्यासाठी नाहीच. गरोदर, अंगावर पाजणारी, वाढीतली पोरगी, यांनी पण नाही. आणि रक्त कमी असणाऱ्या बाया तर आपल्याकडे निम्म्याहून जास्त, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायांले ॲनिमिया निघाला, त्यात वरून ककडीवर राह्यलं तर लोह येणार कुठून. ८०० कॅलरीच्या खालचं डाएट डॉक्टर पण देतात कधीकधी, पण स्वतःच्या देखरेखीत, तपासण्या करत, काही आठवड्यांपुरतं, ते व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करायचं काम नाही.

मी परत चालू केलं ते ७२ वरून, कंबर ९४. मधातले तीन आठवडे काटा हललाच नाही, मी रडकुंडीले आली, टेप लावली तर कंबर दोन सेंटीमीटरनं कमी. चार महिन्यांनी वजन साडेअडुसष्ट, कंबर ८६. लग्नाच्या वेळेस ६५ वर असताना शिवलेला ब्लाउज घालून पाह्यला तर दंडात घट्ट आणि कमरेत ढिला. वैनी काट्यावर वाकून पाहून म्हणे, "साडेतीनच किलो? चार महिन्यात? सेल गेले असतील वं याचे."