जैवमाहितीशास्त्रातील सॉफ्टवेअर कंटेनर

जनुकीय विश्लेषणाचे एखादे साधन, त्याला लागणाऱ्या सर्व लायब्ररींसह (तयार सहायक कोडसह), एकाच इमेजमध्ये, म्हणजे गोठवलेल्या सॉफ्टवेअर-संचात, बंदिस्त करून कोणत्याही लिनक्स संगणकावर त्याच स्वरूपात चालवण्याच्या पद्धतीला कंटेनर वापरणे म्हणतात. आभासी यंत्रात असतो तसा स्वतंत्र कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, कंटेनरमध्ये नसतो. तो यजमान संगणकाचाच कर्नल वापरतो आणि नेमस्पेस (काय दिसावे यावर मर्यादा) व सीग्रुप (किती संसाधने वापरावीत यावर मर्यादा) या लिनक्सच्या सुविधांच्या आधारे इतर प्रक्रियांपासून अलग राहतो. त्यामुळे तासन्‌तास चालणाऱ्या विश्लेषणात त्याचा वेगावर नगण्यच परिणाम होतो.

या पद्धतीची निकड केवळ इन्स्टॉलेशनच्या कटकटीतून निर्माण झाली नाही. विश्लेषणाचे टप्पे क्रमाने चालवणाऱ्या नेक्स्टफ्लो या प्रणालीच्या बार्सिलोना येथील निर्मात्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, तीच विदा आणि साधनांच्या त्याच आवृत्त्या असूनही मॅक व लिनक्स यांवरील निष्कर्षांत फरक पडतो, आणि डॉकर हे कंटेनर चालवणारे सॉफ्टवेअर वापरल्यास तो नाहीसा होतो.

डॉकर २०१३ मध्ये खुले झाले. मात्र त्याची पार्श्वसेवा प्रशासकीय अधिकारांनी चालत असल्याने अनेकांनी मिळून वापरायच्या महासंगणकांवर ते सहसा चालू दिले जात नाही. ही अडचण लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत सुरू झालेल्या सिंग्युलॅरिटी या दुसऱ्या कंटेनर प्रणालीने दूर केली. २०२१ मध्ये लिनक्स फाउंडेशनकडे आल्यावर तिचे नाव ॲपटेनर झाले. तिची इमेज ही एक साधी फाइल असते आणि वापरकर्ता आपल्या नेहमीच्याच अधिकारांनिशी ती चालवतो. आज बहुतेक साधनांची इमेज स्वतः बांधावी लागत नाही, कारण बायोकोंडा या जैवमाहितीशास्त्रीय सॉफ्टवेअरच्या संग्रहात पॅकेज दाखल झाले की बायोकंटेनर्स प्रकल्पात त्याची इमेज आपोआप तयार होते. गॅलक्सी, स्नेकमेक व नेक्स्टफ्लो या विश्लेषण चालवणाऱ्या प्रणाली त्या इमेज थेट उतरवून घेतात.

शोधनिबंधात ‘डॉकर वापरले’ एवढेच लिहिणे मात्र जवळजवळ निरुपयोगी आहे. ‘लेटेस्ट’ हा टॅग (इमेजला दिलेले नाव) उद्या वेगळ्याच इमेजकडे निर्देश करू शकतो. आवृत्तीचा टॅग त्याहून बरा, पण नेमकी ओळख पटते ती शा-२५६ डायजेस्टवरूनच, म्हणजे इमेजच्या आशयावरून काढलेल्या सांकेतिक ठशावरूनच. शिवाय कंटेनर सॉफ्टवेअर गोठवतो, संपूर्ण विश्लेषण नव्हे. संदर्भ जीनोम व त्यावरील टिपणे सहसा इमेजबाहेर असतात, यादृच्छिक आकड्यांचे बीज (त्यांची मालिका ठरवणारा आरंभीचा आकडा) वापरकर्त्याने ठरवायचे असते, आणि एक्स८६ (इंटेल, एएमडी) प्रोसेसरसाठी बांधलेली इमेज आर्म प्रोसेसरवर थेट चालत नाही. डीएनएचे वाचलेले छोटे तुकडे, म्हणजे रीड्स, संदर्भ जीनोमशी जुळवणाऱ्या बीडब्ल्यूए-मेम या साधनाचे उदाहरण बोलके आहे: ते रीड्स गटागटाने हाताळते, गटाचा आकार थ्रेडच्या (एकाच वेळी चालणाऱ्या कार्यधाग्यांच्या) संख्येवर ठरतो आणि जोडीतील रीड्समधील अंतराचा अंदाज प्रत्येक गटागणिक नव्याने बांधला जातो. त्यामुळे इमेज तीच असूनही थ्रेड बदलले की काही रीड्सची जुळणी बदलू शकते. ती स्थिर ठेवण्यासाठी कॅपिटल ‘के’ या पर्यायाने गटाचा आकार निश्चित करावा लागतो.