‘ग्लूमी संडे’ आणि आत्महत्यांची दंतकथा

‘ग्लूमी संडे’ हे मूळचे हंगेरियन गाणे ऐकून माणसे जीव देतात, ही समजूत गेली जवळजवळ नव्वद वर्षे टिकून आहे. बळींचा आकडा मात्र सांगणाऱ्यागणिक बदलतो: कधी सतरा, कधी शंभर, तर कधी दोनशे. यांतील एकाही मृत्यूचा या गाण्याशी असलेला कार्यकारणसंबंध आजवर सिद्ध झालेला नाही.

गाण्याची चाल बुडापेस्टचा पियानोवादक रेझ्यो शेरेश याने १९३३च्या सुमारास बांधली. त्याने स्वतः लिहिलेले पहिले शब्द प्रेमभंगाचे नव्हतेच. जगाचा अंत जवळ आला आहे, माणसात माणुसकी उरलेली नाही, असा त्यांचा आशय होता. पुढे कवी लास्लो यावोर याने त्याच चालीवर नवे शब्द लिहिले. त्यांत फुले घेऊन प्रिय व्यक्तीची वाट पाहणारा प्रेमिक ती येत नाही म्हणून मरणाचा विचार करतो. १९३५ साली पाल कल्मार याच्या आवाजात हे गाणे ध्वनिमुद्रित झाले आणि लोकप्रिय ठरले.

दंतकथेला खरे बळ मिळाले ते १९३६ साली, गाणे अमेरिकेत पोहोचल्यावर. हंगेरीतील आत्महत्यांच्या बातम्यांशी ते वृत्तपत्रांनी आधीच जोडले होते, आणि तिकडे ते ‘हंगेरियन आत्महत्या-गीत’ म्हणूनच गाजवले गेले. मृताजवळ गाण्याचा कागद सापडला, कुणी चिठ्ठीत त्याच्या ओळी लिहिल्या, असे किस्से एका वर्तमानपत्रातून दुसऱ्यात जाताना वाढत गेले. हंगेरीत आत्महत्यांचे प्रमाण या गाण्याच्या आधीपासूनच युरोपात वरच्या क्रमांकांत होते आणि ते शिगेला पोहोचले १९८०च्या दशकात, म्हणजे गाण्यानंतर अर्ध्या शतकाने, ही गोष्ट त्या किश्शांत कुठेच येत नाही. पहिल्या महायुद्धानंतर झालेली देशाची फाळणी, जागतिक मंदी आणि बेकारी यांनी पिचलेल्या समाजात असे गाणे लोकांच्या ओठांवर यावे, यात मला गूढ असे काही दिसत नाही.

अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडे हिने १९४१ साली गायलेल्या इंग्रजी आवृत्तीत सॅम लुईस याचे शब्द आहेत. त्यांत शेवटी एक कडवे जोडलेले आहे आणि आधीचे सारे स्वप्न होते, असे नायिका त्यात सांगते. तरीही युद्धकाळात लोकांचे मनोधैर्य खचेल या कारणाने बीबीसीने ही आवृत्ती प्रसारित करणे थांबवले. नुसत्या वाद्यांवरील धून वाजवायला मात्र हरकत नव्हती. ही बंदी २००२ साली उठली. बंदी होती म्हणजे गाणे घातक असलेच पाहिजे, असा उलटा तर्क आजही केला जातो. वास्तविक तो युद्धकालीन प्रसारणधोरणाचा भाग होता.

शेरेशने १९६८ साली आत्महत्या केली आणि दंतकथेला तिचा शेवटचा पुरावा मिळाला. हा पुरावा पुढे करणारे त्याच्या आयुष्याबद्दल फारसे बोलत नाहीत. तो ज्यू होता. युद्धकाळात त्याला सक्तमजुरीच्या तुकडीत नेण्यात आले. तो वाचला, त्याची आई वाचली नाही. जगभर गाजलेल्या गाण्याचे मानधन घ्यायला तो अमेरिकेत कधी गेला नाही. बुडापेस्टच्या जुन्या ज्यू वस्तीतील ‘किशपिपा’ या उपाहारगृहात गिऱ्हाइकांसाठी पियानो वाजवून त्याने आपला चरितार्थ चालवला.