आपला रिपोर्ट आपणच काढावा : पार्श्वभूमी

धंदा ज्याचा, त्याला हवा तो रिपोर्ट प्रोग्रामरच्या मागे न लागता काढता यावा, ही खटपट आजच्या डॅशबोर्डांपेक्षा फार जुनी आहे. आयबीएमने 1959 मध्ये आणलेल्या आरपीजीचं पूर्ण नावच ‘रिपोर्ट प्रोग्रॅम जनरेटर’. ठरावीक रकान्यांत तपशील भरायचा, त्यावरून यंत्र रिपोर्टचा प्रोग्राम तयार करणार. पण ते रकाने भरायलाही जाणकारच लागे.

1974 मध्ये आयबीएमच्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी डेटाबेसला प्रश्न विचारण्याची ‘सीक्वेल’ ही भाषा मांडली. हीच पुढे एसक्यूएल झाली. ही भाषा कोण शिकेल, तर त्यांच्या निबंधात चक्क हिशेबनीस, इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि नगररचनाकार यांची नावं आहेत. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो, कारण घडलं उलटंच. ‘कोणाकडे किती उधारी?’ एवढ्या प्रश्नाला डेटाबेसमधली तीन-चार टेबलं, म्हणजे माहितीचे तक्ते, एकमेकांना जोडावी लागतात, आणि कुठलं टेबल कशाला जोडायचं हे डेटाबेस बांधणाऱ्यालाच ठाऊक. हिशेबनीस बाहेरच राहिला.

त्याने मग स्वतःची वाट शोधली. 1979 मध्ये ॲपल टू संगणकावर व्हिजिकॅल्क हे स्प्रेडशीट आलं, 1993 मध्ये एक्सेलमध्ये पिव्हट टेबल, म्हणजे आकडे हवे तसे गटवार मांडून बेरजा देणारी सोय, आली. टॅलीतून आकडे एक्सेलमध्ये घ्यायचे आणि पिव्हट लावायचा, ही रीत आपल्याकडच्या कितीतरी ऑफिसांत आजही चालू आहे. सोय मोठी, पण प्रत्येकाच्या फाइलमधली बेरीज वेगळी.

खरं वळण मला 1990 मध्ये सुरू झालेल्या बिझनेस ऑब्जेक्ट्स या फ्रेंच कंपनीत दिसतं. त्यांनी डेटाबेसवर ‘युनिव्हर्स’ नावाचा एक थर चढवला. टेबलांची जोडणी जाणकाराने एकदाच करून ठेवायची. वापरणाऱ्यासमोर फक्त ‘ग्राहक’, ‘शाखा’, ‘महसूल’ असे धंद्यातले शब्द. 2003 मध्ये स्थापन झालेली टॅब्लो आणि 2015 मध्ये बाजारात आलेलं मायक्रोसॉफ्टचं पॉवर बीआय या आकड्यांचे आलेख-डॅशबोर्ड काढून देणाऱ्या साधनांनी चित्रं देखणी आणि काम स्वस्त केलं. नावं ठरवण्याचं काम मात्र तसंच उरलं.

म्हणूनच ग्राहकाला रिपोर्ट शिकवायला बसलो की मी आधी माऊस हातात देत नाही. ‘विक्री’ म्हणजे काय, ते विचारतो. परत आलेला माल वजा करून? जीएसटी धरून की सोडून? बिलाच्या तारखेने, की माल निघाल्याच्या? बहुतेक वेळा अकाउंट्स आणि सेल्स यांची उत्तरं जुळत नाहीत, आणि पहिला दिवस त्यातच जातो.