सर्व्हिस बुलेटिन की एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह? इंजिनाच्या आग-इशाऱ्याची वायर चुकते तेव्हा

इंजिनाला आग लागल्याचा इशारा आला की कॉकपिटमध्ये घंटा वाजते आणि त्या इंजिनाच्या फायर हँडलमध्ये लाल दिवा लागतो. बोईंग ७३७ मध्ये पायलटने ते हँडल वर ओढलं की इंधनाचा पुरवठा बंद होतो, जनरेटर सुटतो, ब्लीड हवा (इंजिनातून घेतलेली दाबाची हवा) आणि हायड्रॉलिक तोडलं जातं आणि हॅलॉनच्या, म्हणजे आग विझवणाऱ्या वायूच्या, बाटल्या सज्ज होतात. हँडल फिरवलं की बाटलीतला वायू इंजिनावर सुटतो. यातली प्रत्येक कृती एकाच गोष्टीवर विसंबून आहे: डाव्या हँडलचा दिवा डाव्याच इंजिनामुळे लागला असला पाहिजे.

वायरिंगमध्ये गडबड निघाली की हा भरवसा संपतो. मग हँगरमध्ये दोन कागद येतात, एक सर्व्हिस बुलेटिन म्हणजे एसबी आणि दुसरा एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह म्हणजे एडी. दोष तोच, विमानं बहुतेक तीच, आकृत्याही त्याच. एडीमध्ये तर सरळ लिहिलेलं असतं की काम अमुक क्रमांकाच्या एसबीप्रमाणे करा. त्यामुळे शिकाऊ मुलंच काय, अनुभवी माणसंही बोलताना ‘एसबी केली’ आणि ‘एडी झाली’ हे एकाच अर्थाने वापरतात. तिथेच घोळ होतो.

एसबी विमान, इंजिन किंवा सुटा भाग बनवणारी कंपनी काढते. एडी काढतं ते त्या उत्पादनाचं डिझाइन मंजूर करणाऱ्या देशाचं नियामक खातं: बोईंगसाठी अमेरिकेचं एफएए, एअरबस आणि एटीआरसाठी युरोपचं इआसा. एसबी तांत्रिक सल्ला आहे, एडी कायदा आहे. अमेरिकी नियमांच्या भाग ३९ मध्ये हे स्वच्छ सांगितलंय. एडी पूर्ण न करता विमान चालवणं हा भंग आहे, आणि प्रत्येक उड्डाणाला तो नव्याने मोजला जातो.

एसबीवर कंपनीने ‘मॅन्डेटरी’ किंवा ‘अलर्ट’ असं ठळक छापलेलं असतं, त्याने फसायला होतं. तो कंपनीचा आग्रह असतो, आणि तो गांभीर्यानेच घ्यावा. पण अमेरिकी नियमांनुसार केवळ त्या शिक्क्याने एसबी एडी होत नाही. विमान कंपनीच्या मंजूर देखभाल कार्यक्रमात ती एसबी घातलेली असेल तर ती त्या वाटेने बंधनकारक होते, तो वेगळा मुद्दा.

दोष नेमका कसा दिसतो

आग ओळखणारी लूप म्हणजे इंजिनाभोवती फिरवलेली बारीक धातूची नळी. एका प्रकारात नळीत सिरॅमिक आणि त्यातून जाणारी वायर असते. तापमान वाढलं की रोध घटतो आणि कंट्रोलरला आग कळते. दुसऱ्या प्रकारात नळीत हेलियम असतो आणि मधल्या गाभ्यातून उष्णतेने हायड्रोजन सुटतो. दाब वाढला की स्विच बसतो. मोठ्या विमानांत प्रत्येक इंजिनाला अशा दोन लूप असतात, ए आणि बी. खोटे इशारे टाळण्यासाठी कंट्रोलर बहुधा दोन्हींचा होकार मागतो. एक लूप नादुरुस्त असेल तर दुसरीच्या एकटीच्या होकारावर घंटा वाजते. एअरबस ए३२० मध्ये तर दोन्ही लूप पाच सेकंदांच्या आत तुटल्या तरी ती आगच धरली जाते, कारण ज्वाळेनेच त्या कापल्या असण्याची शक्यता असते.

वायरिंगचे दोष तीन जातींचे. वायर तुटते, वायर घासून फ्रेमला टेकते, किंवा वायर भलतीकडे जोडली जाते. पहिल्या दोन जाती नियमाने पकडल्या आहेत. अमेरिकी नियम २५.१२०३ सांगतो की फायर झोनमधला सेन्सर किंवा त्याची वायर एका ठिकाणी तुटली, किंवा शॉर्ट झाली, तर एकतर यंत्रणा ठीक चालत राहिली पाहिजे, नाहीतर वैमानिकांना कळलं पाहिजे. तिसरी जात यातून निसटते. अदलाबदल झालेलं सर्किट विजेच्या दृष्टीने निर्दोष असतं: कंटिन्युइटी बरोबर, रोध बरोबर, इन्सुलेशन बरोबर.

कॉकपिटमधली टेस्टही इथे उपयोगी पडत नाही. टेस्ट स्विच दाबला की दोन्ही इंजिनांची सर्किटं एकदमच ‘आग’ दाखवतात आणि दोन्ही हँडल उजळतात. डावी-उजवी उलटी असली तरी चित्र हुबेहूब तेच. विमान वर्षानुवर्षं रोज ही टेस्ट पास होऊ शकतं.

दोन्ही लूप उलट्या गेल्या असतील तर डाव्या इंजिनाच्या आगीला उजवं हँडल पेटतं. पायलट चांगलं इंजिन बंद करतो, हॅलॉनही त्यातच जातो, आणि जळणारं इंजिन तसंच राहतं. एकच जोडी उलटी असेल, समजा दोन्ही बाजूंच्या फक्त ए लूप, तर आणखी वाईट. डाव्या आगीत डाव्या चॅनलला बी कडून होकार मिळतो, पण त्याची ए तर उजव्या इंजिनावर गार बसलेली. उजव्या चॅनलला ए चा होकार, बी गप्प. दोन्हीकडे अर्धाच होकार, म्हणून घंटाच वाजत नाही. फार तर फॉल्टचा दिवा लागतो.

म्हणून अशा दोषावरच्या तपासणीत खरी किल्ली एकच असते, इंजिनाच्या टोकाला एका वेळी एकच बाजू उत्तेजित करायची. सर्किट ब्रेकर ओढून टॅग लावायचा आणि बाटल्यांच्या स्क्विबचे (बाटली उघडणाऱ्या छोट्या स्फोटक कॅप्सूलचे) कनेक्टर काढून त्यांना शॉर्टिंग कॅप लावायच्या, नाहीतर चुकून बाटली उडेल. मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या टेस्ट बॉक्सने किंवा रोधाने फक्त डाव्या इंजिनाची ए लूप ‘गरम’ दाखवायची, कॉकपिटमधल्या माणसाने कुठला दिवा लागला ते मोठ्याने सांगायचं, मग बी, मग उजवी बाजू. स्क्विबच्या वायरिंगचंही तसंच: कनेक्टरवर टेस्ट लॅम्प लावून कुठल्या हँडलने कुठल्या बाटलीच्या कुठल्या स्क्विबला पुरवठा येतो ते एकेक पाहायचं. स्क्विब टेस्टचा हिरवा दिवा फक्त सर्किट जोडलेलं आहे एवढंच सांगतो, कुठे जोडलेलं आहे ते नाही.

अदलाबदल होते ती एकसारखे कनेक्टर शेजारी शेजारी असल्यामुळे, वायरवरचे क्रमांक तेलाने पुसट झाल्यामुळे, आणि दोन्ही इंजिनांचं काम एकाच पाळीत एकाच माणसाने उरकल्यामुळे. पक्का इलाज म्हणजे वेगळ्या की-वेचे (खाचेचे) कनेक्टर, जे चुकीच्या जागी बसतच नाहीत, किंवा लूमची (वायरच्या जुडीची) लांबी अशी ठेवणं की वायर भलत्या सॉकेटपर्यंत पोचूच नये. रंगीत पट्ट्या आणि लेबलं हा कच्चा इलाज, कारण त्या धुण्यात निघून जातात.

१९८९ च्या ८ जानेवारीला इंग्लंडमधल्या केगवर्थजवळ ब्रिटिश मिडलँडचं ७३७-४०० पडलं आणि ४७ माणसं गेली. बिघाड डाव्या इंजिनात होता, बंद केलं गेलं उजवं. वायरिंग उलटी असल्याचा संशय लगेच आला होता. तपासात वायरिंग बरोबर निघाली, चूक माणसांकडून आणि उपकरणांच्या रचनेतून घडली होती. पण चुकीचं इंजिन बंद झाल्यावर काय होतं, ते त्या अपघातानं जगाला दाखवलं.

दोन कागद एकमेकांशी कुठे जुळत नाहीत

समजा अशा दोषावर कंपनीने एसबी काढली: अमुक अनुक्रमांकाची विमानं, पुढच्या सी-चेकला (मोठ्या नियमित देखभालीला) किंवा २४ महिन्यांत, तपासणी करा आणि कनेक्टर बदला. नियामकाने त्यावर एडी काढली. आता एडीची मुदत ५०० उड्डाण-तास असू शकते. एडी त्या मॉडेलच्या सगळ्या विमानांना लागू असू शकते, कारण काढलेला जुना कनेक्टर स्टोअरमधून दुसऱ्या विमानावर जाऊ शकतो. म्हणूनच अनेक एडींत ‘यापुढे हा भाग कुठल्याही विमानावर बसवू नये’ असा परिच्छेद असतो. एसबीमध्ये ‘कंपनीशी संपर्क साधा’ असं असेल तिथे एडी बहुधा नियामकाने मंजूर केलेल्या पद्धतीनेच दुरुस्ती करायला सांगते. भाग ३९ मधलं कलम ३९.२७ याबाबतीत संदिग्धता ठेवत नाही: एडी आणि तिच्या आधाराची एसबी यांत विरोध दिसला तर एडी पाळायची.

एसबीची रिव्हिजन हा नेहमीचा खड्डा. एडी एखाद्या ठरावीक रिव्हिजनचं नाव घेते. काम आधीच जुन्या रिव्हिजनप्रमाणे झालं असेल तर ते धरायचं की नाही, हे एडीतला ‘आधी केलेल्या कामाचं श्रेय’ हा परिच्छेद ठरवतो. तो नसेल तर जुनं काम मोजलं जात नाही. कंपनीने नंतर आणखी नवी रिव्हिजन काढली म्हणून ती आपोआप चालत नाही. त्यासाठी एडीत तशी मुभा हवी, नाहीतर एएमओसी, म्हणजे पर्यायी पद्धतीची मंजुरी घ्यावी लागते. विमानावर आधीच एखादं मॉडिफिकेशन झाल्यामुळे एसबीची आकृती जुळत नसेल तरी एडी लागू राहते. तिथेही एएमओसीच मागायची. ‘आमच्या विमानात तो क्लॅम्पच नाही’ हे रेकॉर्डमधलं वाक्य उत्तर होत नाही.

हा काटेकोरपणा किती बारकाव्यापर्यंत जातो ते २००८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत दिसलं. एडी २००६-१५-१५ एमडी-८० विमानांच्या चाकांच्या खोबणीतल्या ऑक्झिलरी हायड्रॉलिक पंपाच्या वायरिंगवर होती: वायर घासून शॉर्ट झाली तर आग लागण्याचा धोका. अमेरिकन एअरलाइन्सने काम केलं होतं. पण एफएएच्या तपासणीत लूम बांधणाऱ्या टायांचं अंतर, क्लॅम्पची दिशा, स्लीव्हची बांधणी एसबीतल्या सूचनेशी जुळेना. टायांमधलं अंतर एक इंच सांगितलं होतं. जवळपास ३०० विमानं जमिनीवर उभी राहिली आणि ३,००० हून अधिक उड्डाणं रद्द झाली. एसबी नुसती एसबी असती तर टायांचं अंतर हा कारागिरीचा प्रश्न राहिला असता. एडीने तिला बोलावून घेतल्यावर ते अंतर कायद्याचा भाग झालं.

त्यातून एक चांगली सुधारणा आली. आता अनेक एसबींमध्ये ज्या पायऱ्या दोष दूर होण्यासाठी अत्यावश्यक आहेत त्यांच्यापुढे ‘आरसी’ (रिक्वायर्ड फॉर कम्प्लायन्स) अशी खूण असते. आरसी पायऱ्या तंतोतंत करायच्या. बदल हवा असेल तर एएमओसी. बाकीच्या, म्हणजे पॅनल उघडणं, शिडी लावणं, यांत विमान कंपनीच्या मान्य पद्धती चालतात. जॉब कार्ड लिहिणाऱ्याने आरसी खुणा कार्डावर उतरवल्याच पाहिजेत. हँगरमध्ये काम कार्डावरून होतं, एसबीवरून नाही.

आणखी एक कागद, आणि भारतातली स्थिती

या दोघांच्या जवळच एसएआयबी, म्हणजे स्पेशल एअरवर्दिनेस इन्फर्मेशन बुलेटिन, हा तिसरा कागद फिरतो. तो काढतं नियामक खातं, पण तो बंधनकारक नसतो. असुरक्षितता एडी काढण्याइतकी सिद्ध होत नाही तेव्हा तो निघतो. १७ डिसेंबर २०१८ रोजी एफएएने इंधन नियंत्रण स्विचच्या लॉकबद्दल असाच एसएआयबी काढला होता. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं ७८७ पडल्यानंतरच्या प्राथमिक अहवालात नोंद आहे की तो सल्लावजा असल्याने कंपनीने त्या तपासण्या केल्या नव्हत्या. स्विचमुळे अपघात झाला असं तो अहवाल म्हणत नाही. पण १४ जुलैला डीजीसीएने, म्हणजे भारताच्या विमान वाहतूक नियामकाने, त्याच तपासणीचा आदेश काढला आणि २१ जुलैची मुदत दिली. तपासणी तीच, पण आता तिच्यामागे आदेश होता. माझ्या मते असे सल्लावजा कागद देखभाल कंपन्यांनी ‘लागू नाही’ म्हणून मिटवू नयेत. का केलं नाही, याचं तांत्रिक कारण सहीसकट फाइलला लागलं पाहिजे.

भारतात नोंदलेल्या विमानांसाठी डिझाइन करणाऱ्या देशाची एडी डीजीसीए पाळायला लावतं, आणि गरज वाटली तर स्वतःही आदेश काढतं. त्यामुळे नागपूरच्या मिहानमधल्या एमआरओत (देखभाल-दुरुस्ती केंद्रात) आलेल्या बोईंगला एफएएची एडी लागते आणि ए३२० ला इआसाची. क्रमांकावरून ओळख पटते: एफएएमध्ये वर्ष, पंधरवडा आणि अनुक्रम, आणि अनुक्रम ५१ पासून पुढे असेल तर ती इमर्जन्सी एडी. इआसाच्या क्रमांकाच्या शेवटी ई असेल तर इमर्जन्सी.

नोंद ठेवताना ‘एसबी पूर्ण’ एवढं लिहून भागत नाही. एडीचा क्रमांक आणि सुधारणा, कुठला परिच्छेद, कुठल्या पद्धतीने, एसबीची कुठली रिव्हिजन, तारीख, विमानाचे तास आणि सायकल (उड्डाण-उतरणाच्या फेऱ्या), आणि पुन्हा पुन्हा करायची तपासणी असेल तर पुढची मुदत, हे सगळं लागतं. तपासणी केली म्हणजे एडी संपली असंही नाही. कनेक्टर बदलल्यावरच ती कायमची मिटते असं लिहिलेलं असेल, तर तोवर घड्याळ चालू राहतं.

इंजिन बदलताना जास्त सावध राहावं. लूप आणि नॅसेलमधली (इंजिनाच्या आवरणातली) हार्नेस, म्हणजे वायरची जुडी, इंजिनाबरोबर जाते, पायलनमधली (इंजिन पंखाला धरणाऱ्या भागातली) वायरिंग विमानाला चिकटून राहते. एडी विमानावर काढलेली असली तरी तिचा अर्धा भाग स्टोअरमधल्या सुट्या इंजिनावर असू शकतो. ते इंजिन बसवण्याआधी त्याच्या हार्नेसचा पार्ट नंबर एडीच्या यादीशी पडताळायचा, आणि बसवल्यावर डावी-उजवी तपासणी नव्याने करायची, आधीच्या विमानावर ती झालेली असली तरी.