दुआ आणि दवा: मनाच्या दुखण्याची जुनी पार्श्वभूमी

"नमाज वेळेवर पढ, टेन्शन आपोआप जाईल." सोलापुरात विजापूर वेशीपासून नई जिंदगीपर्यंत कुठल्याही घरात हे वाक्य ऐकायला मिळतं. सांगणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण त्याच्या मागोमाग बऱ्याचदा दुसरं वाक्य येतं: इमान कच्चं आहे, म्हणून मन खचलं. पहिल्या वाक्यामागे चौदाशे वर्षांची परंपरा उभी आहे. दुसऱ्याला त्या परंपरेत आधार सापडत नाही. यंत्रमाग, विड्या आणि बचतगटाचे हप्ते यांच्यात दिवस घालवणाऱ्या माणसाला हा फरक माहीत असणं फार गरजेचं आहे, कारण दुसऱ्या वाक्याच्या धास्तीने कित्येक जण आपला त्रास कुणापाशी बोलतच नाहीत.

सुरुवात पैगंबरांपासूनच करावी लागते. इ.स. ६१९च्या सुमारास काही काळाच्या अंतराने त्यांची पत्नी खदीजा आणि चुलते अबू तालिब वारले. घरातला आधार गेला आणि मक्केत पाठीशी उभा राहणाराही गेला. इस्लामच्या इतिहासात त्या वर्षाची ओळखच 'दुःखाचं वर्ष' अशी आहे. त्यानंतर ते ताइफला गेले, तर तिथे लोकांनी दगड मारून हाकललं. सीरतच्या, म्हणजे पैगंबरांच्या चरित्राच्या, ग्रंथांत त्या वेळची त्यांची दुआ आहे. तिची सुरुवात आपल्या कमजोरीची तक्रार अल्लाहपाशी मांडण्यापासून होते. पाच वेळची नमाज फर्ज, म्हणजे बंधनकारक, झाली ती मेराजच्या, म्हणजे पैगंबरांच्या आकाशारोहणाच्या, रात्री, आणि सीरतकार मेराजचा प्रसंग बहुधा याच काळानंतर सांगतात. म्हणजे नमाजची आठवण एका फार दुखावलेल्या काळाला लागून आहे. पुढे नमाजची वेळ झाली की पैगंबर अजान देणाऱ्या बिलाल यांना म्हणत, "नमाजने आम्हाला आराम दे."

कुरआनातही दुःख लपवलेलं नाही. मुलगा यूसुफ याच्या विरहात रडून रडून पैगंबर याकूब यांचे डोळे पांढरे पडले, असं सूरह यूसुफ सांगते. प्रसूतीच्या कळा सोसताना ईसांची आई मरियम म्हणतात, "याआधीच मरून गेले असते तर बरं झालं असतं." एक पैगंबर, एक पाक स्त्री. त्यांच्या इमानावर कुणी बोट ठेवत नाही. स्वतः पैगंबर आपला तान्हा मुलगा इब्राहीम गेला तेव्हा रडले, आणि डोळे पाणावतात, मन दुःखी होतं, असं उघड बोलले. मग 'अल्लाहच्या जिक्रनेच (नामस्मरणानेच) मनाला शांती मिळते' ही सूरह रअदमधली आयत आपल्या घराघरांत फ्रेम करून लावलेली असते, ती दुःख झालेल्या माणसासाठीच आहे. त्याला दटावण्यासाठी ती वापरणं हा तिच्यावर अन्याय आहे.

हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि वागण्याच्या नोंदींत, याच विषयावर अगदी साध्या, हाताला लागणाऱ्या गोष्टी आहेत. राग आला आणि उभे असाल तर बसा. चिंता आणि दुःख यांपासून पनाह (आसरा) मागण्याची वेगळी दुआ. घरात मयत झाली की पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा सातूची पातळ खीर, तलबीना, शिजवायला लावत. तिने दुखावलेल्या मनाला थोडा उतार पडतो, असं त्या सांगत. मयतीच्या घरी चूल पेटत नाही आणि शेजारपाजारचे डबे आणतात, ही आपल्याकडची रीतही त्याच जातीची आहे. आणि आजारावर इलाज करा, प्रत्येक आजाराला औषध आहे, हे सांगणारी हदीस तर प्रसिद्धच आहे. मनाचा आजार त्यातून वगळलेला नाही.

यापुढचा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तोच आपल्याकडे सर्वांत कमी माहीत आहे. आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्खजवळ जन्मलेले अबू झैद अल-बल्खी (सुमारे ८५० ते ९३४) यांनी एक ग्रंथ लिहिला. त्याचे भाग दोन: एक शरीराच्या आरोग्याचा, दुसरा मनाच्या. आपल्या काळातले वैद्य फक्त शरीराकडे पाहतात, ही त्यांची तक्रार होती. त्यांचं म्हणणं असं, की शरीराचं मोठं दुखणं एखाद्याला आयुष्यभर होणारही नाही, पण राग, भीती, दुःख आणि मनात घोळत राहणारे वाईट विचार यांतून कुणीच सुटत नाही. दुःखाचेही ते दोन प्रकार करतात. एकाचं कारण माणसाला ठाऊक असतं: कुणी गेलं, काही हरवलं. दुसऱ्याचं कारण सापडत नाही, आणि त्याचं मूळ शरीरात असू शकतं. त्याला औषधोपचार लागतो. हजार वर्षांपूर्वी एक मुसलमान विद्वान हे लिहून ठेवतो आणि 'हे इमान कमजोर असल्याचं लक्षण' असं एका शब्दाने म्हणत नाही. घरात जशी अडीअडचणीची औषधं आधीच आणून ठेवतात, तसे मन शांत असताना चांगले विचार जमवून ठेवावेत, हा सल्लाही त्यांचाच. २०१३मध्ये सुदानचे मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री (१९३२ ते २०२१) यांनी बल्खींचा हा भाग इंग्रजीत आणला, तेव्हा कुठे त्याची चर्चा पुन्हा वाढली.

थोर धर्मपंडित इमाम गझाली यांची गोष्ट तर त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. १०९५ साली बगदादच्या निजामिया मदरशात ते नामवंत उस्ताद होते. अचानक वाचाच बंद झाली, अन्न पचेना. हकिमांनी सांगितलं की दुखणं मनात आहे, तिथला भार हलका झाल्याशिवाय औषध लागू पडणार नाही. त्यांनी पद सोडलं आणि बगदाद सोडलं. पुढे दमास्कसला ११५४ साली, कैरोला १२८४ साली मोठी इस्पितळं उभी राहिली. कैरोच्या इस्पितळात मनोरुग्णांनाही दाखल करून घेत.

दख्खनमध्ये हा धागा सुफींच्या हातून आला. १३९८ला तैमूरच्या स्वारीत दिल्ली उद्ध्वस्त झाली, तेव्हा ऐंशीच्या घरात पोचलेले ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज घरदार सोडून निघाले आणि पुढे गुलबर्ग्यात स्थिरावले. १४२२मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. सोलापूरहून गुलबर्गा आणि विजापूर दोन्ही शंभरेक किलोमीटरच्या टप्प्यात, त्यामुळे उरसाला जाणं इथल्या घरांत पिढ्यानपिढ्या चालत आलेलं. विजापूरच्या सुफींच्या वर्तुळातून दखनी भाषेत चक्कीनामे आणि चरखानामे आले. जातं ओढताना, सूत कातताना बायकांनी गायची ही गाणी. जात्याच्या खुंट्यात अल्लाहची, खिळ्यात पैगंबरांची आठवण, आणि हाताच्या लयीबरोबर जिक्र. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना याची वेगळी ओळख करून द्यायला नको. आजही तळहातावर तसबीह (जपमाळ) घेऊन बसणारी नानी त्याच वाटेवर आहे.

मग सोलापूर गिरण्यांचं झालं. १८७७ला जुनी गिरणी सुरू झाली, पुढे नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू. कष्टाची लय भोंग्याने ठरू लागली. जुनी गिरणी १९६०च्या दशकात बंद पडली, लक्ष्मी-विष्णूचा भोंगा १९९०च्या दशकात थांबला. घरचा पुरुष बेकार आणि बाई विड्या वळते, हे चित्र मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा सगळ्याच भाषांच्या घरांत दिसलं. अशा वेळी जुम्म्याची नमाज, रमजानमधली रात्रीची तरावीहची नमाज, शेजारच्या बायकांचं कुरआनखानीला (एकत्र कुरआन पढायला) जमणं यांनी माणसं धरून ठेवली. ओळीत खांद्याला खांदा लावून उभं राहण्याची ताकद त्या काळात या शहराने अनुभवली आहे. मात्र झोप उडाली, जीव घाबरा झाला, तर पाय डॉक्टरकडे वळण्याआधी ताविजाकडे वळत. डॉक्टरही कुठे होते म्हणा, आणि पैसेही.

दुआ आणि दवा यांच्यातल्या या दुराव्याची सर्वांत भयंकर किंमत देशाने ६ ऑगस्ट २००१ रोजी पाहिली. तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्यालगतच्या एका खासगी आश्रमात आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यावर बंदी घातली. त्याच्या आधी, २००८मध्ये, गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' नावाचा उपक्रम सुरू झाला होता. दर्ग्याच्या आवारातच मनोविकारतज्ज्ञ बसतो. दुखणं औषधाचं आहे असं दिसलं की मुजावर स्वतः माणसाला त्याच्याकडे पाठवतो. दुआ थांबत नाही, गोळीही चुकत नाही. ऑक्टोबर २०२२पासून सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. तिथे मराठीतही बोलता येतं. जुम्म्याच्या बयानात (प्रवचनात) मौलानांनी सब्रच्या (धीराच्या) आयतींबरोबर हा क्रमांकही सांगावा, असं मला मनापासून वाटतं.